शेवग्याचा पाला आणि अझोला घातला की अंड्यातलं लोह-कॅल्शियम खरंच वाढतं का?

हल्ली अंड्यांच्या बॉक्सवर काय काय छापलेलं असतं, हर्बल अंडी, शेवगा खाल्लेल्या कोंबड्यांची अंडी, लोहयुक्त अंडी, आणि भाव साध्या अंड्याच्या दुप्पट. दुसरीकडे परसात पंधरा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या बायका आणि नवीन लेयरचं (अंड्यांसाठीच्या कोंबड्यांचं) शेड टाकलेली पोरं यांचा कायमचा प्रश्न असतो की पाला घातला तर अंड्यात ताकद वाढेल का, अझोल्याचा, म्हणजे पाण्यावर वाढणाऱ्या छोट्या नेच्याचा, खड्डा केला तर कॅल्शियमसाठी घालायच्या शिंपल्याचा खर्च वाचेल का. याचं उत्तर सरसकट हो किंवा नाही असं देताच येत नाही, कारण प्रत्येक खनिजाचं वागणं वेगळं आहे. सेलेनियम आणि आयोडीन खाद्यातून अंड्यात अगदी सहज उतरतं. लोह, जस्त, मँगनीज थोडंफार हलतं. आणि ज्याची सगळ्यात जास्त जाहिरात होते ते कॅल्शियम, ते आपण खातो त्या भागात जवळजवळ हलतच नाही. हे असं का, ते नीट कळलं की बॉक्सवरची निम्मी वाक्यं वाचायचीही गरज राहत नाही आणि शेडवरचे पैसेही चुकीच्या जागी जात नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी अंडं बनतं कसं ते बघू. कोंबडीच्या दृष्टीने अंडं म्हणजे पिल्लाचा २१ दिवसांचा डबा आहे, आपला नाश्ता नाही. एकदा कवच बंद झालं की आत बाहेरून काही जाणार नाही, हवा सोडली तर, म्हणून पिल्लाला लागणारं सगळं मोजून आधीच भरावं लागतं. बलकाचा माल तयार होतो कोंबडीच्या लिव्हरमध्ये, तिथे विटेलोजेनिन नावाचं एक प्रोटीन बनतं, ते लोह, जस्त, कॅल्शियम स्वतःला बांधून घेतं आणि रक्तातून बिजांडकोशापर्यंत नेऊन पोचवतं. बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांत झपाट्याने वाढतो. मग तो सुटतो, वरचं पांढरं साधारण तीन तासांत चढतं, आणि नंतर जवळपास २० तास अंडं कवच चढवून घेत बसतं. म्हणजे आज घातलेल्या पाल्याचा परिणाम उद्याच्या बलकात शोधण्यात अर्थ नाही, उद्याचा बलक गेल्या आठवड्यापासून भरत आलेला असतो. खाद्य बदललं तर निदान दोन-तीन आठवडे थांबल्याशिवाय अंड्यात काय फरक पडला हे सांगता येत नाही, आणि लोक मात्र चौथ्या दिवशी अंडं फोडून निकाल लावतात.

आता कॅल्शियम. ५० ते ६० ग्रॅमच्या अंड्यात कवच साधारण पाच-सहा ग्रॅमचं असतं आणि त्यातलं ९४-९५ टक्के नुसतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे दोन ग्रॅमच्या वर निव्वळ कॅल्शियम एका कवचात जातं. आणि आत, आपण खातो त्या भागात? जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम. एका कपभर दुधात याच्या आठपट कॅल्शियम असतं. त्यामुळे अंडं खाऊन हाडं मजबूत होतात, ते कॅल्शियममुळे, असं कुणी सांगत असेल तर कॅल्शियमचा सगळा माल आपण टरफलाबरोबर फेकून देतो हे त्याला सांगा. आतलं कॅल्शियम कोंबडी इतकं घट्ट सांभाळते की खाद्यात कॅल्शियम कमी पडलं तरी आतला आकडा फारसा खाली येत नाही, आधी कवच पातळ होतं, मग ती स्वतःच्या हाडातून काढते, आणि तेही पुरेना झालं की अंडी देणं थांबवते. जास्त घातलं तर आतला आकडा वरही जात नाही.

मग शेवग्याच्या पाल्याचं कॅल्शियम कुठे जातं? हिशोब करून बघू, कारण इथेच बऱ्याच जणांची फसगत होते. वाळवलेल्या शेवग्याच्या पानाच्या पावडरीत साधारण दोन टक्के कॅल्शियम असतं, भाजीपाल्यात हे खरंच खूप आहे, त्यात वाद नाही. अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात पाच टक्के शेवगा पावडर घातली म्हणजे झाली साडेपाच ग्रॅम, आणि त्यातलं कॅल्शियम भरलं ११० मिलिग्रॅम. कोंबडीची रोजची गरज आहे चार ग्रॅमच्या आसपास, कारण खाल्लेल्यातलं निम्मंच अंगी लागतं. चार हजार मिलिग्रॅमच्या गरजेपुढे ११० मिलिग्रॅम. अझोल्याचं तर अजून कमी, कारण ओल्या अझोल्यात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, कोंबडीने २५-३० ग्रॅम ओला अझोला खाल्ला तरी कोरडा माल पोटात जातो दोन ग्रॅमच्या आसपास. म्हणून पाला सुरू केला म्हणून शिंपला किंवा मार्बल ग्रिट (संगमरवराचे बारीक खडे) बंद केलं, असं करणाऱ्या शेडमध्ये महिन्याभरात तडकलेल्या अंड्यांचे ट्रे वेगळे काढावे लागतात. १०० किलो लेयर मॅशमध्ये आठ-नऊ किलो चुनखडीचा चुरा जातो तो उगाच जात नाही, त्याची जागा कुठलाही पाला घेऊ शकत नाही.

परसातल्या कोंबड्यांचं हे डोळ्यांनी बघता येतं. एका पसरट भांड्यात शिंपल्याचा जाडसर चुरा वेगळा ठेवा, खाद्यात मिसळू नका. दिवसभर त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. उन्हं कलली की जी कोंबडी उद्या अंडं देणार आहे ती नेमकी तिकडे वळते, चार-सहा दाणे टिपते, चोच घासते आणि मग खुराड्यात जाते. खुडूक बसलेली कोंबडी किंवा कोंबडा त्या भांड्याकडे विशेष ढुंकत नाहीत. कवच मुख्यतः रात्री चढतं, रात्री कोंबडी खात नाही, त्यामुळे संध्याकाळी टिपलेले जाड दाणे गिझर्डमध्ये (पोटाच्या दळणाऱ्या पिशवीत) हळूहळू विरघळत रात्रभर कॅल्शियम सोडत राहतात आणि कमी पडेल ते पायाच्या पोकळ हाडात साठवलेल्या खास थरातून निघतं. पीठासारखा बारीक चुरा मात्र संध्याकाळीच पुढे निघून जातो. कोकणात आणि गोव्यात तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) टरफलं घराघरात निघतात, ती धुऊन, वाळवून, भाजून जाडसर कुटली तर हेच काम फुकटात होतं. फक्त अंड्यावर न आलेल्या तलंगांना हे खाद्यातून भरमसाट देऊ नका, एवढं कॅल्शियम त्यांच्या किडनीला झेपत नाही.

आता लोहाकडे येऊ, कारण सगळ्यात महाग अंडी लोहाच्या नावावर विकली जातात. एका अंड्यात लोह असतं एक मिलिग्रॅमच्या आत, आणि ते जवळपास सगळं बलकात. मका-सोयाच्या साध्या खाद्यातून कोंबडीला रोज दहा मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्तच लोह मिळत असतं. म्हणजे तिच्याकडे लोहाचा तुटवडा मुळात नाहीच, ती गरजेपुरतं घेते आणि बाकीचं विष्ठेतून सोडून देते. लोह जास्त झालं तर शरीराला घातक असतं म्हणून आतड्यातच त्याला आडकाठी असते, आणि ही आडकाठी शेवग्याच्या लोहालाही तेवढीच लागू आहे. पाल्यामुळे किंवा सेंद्रिय रूपातल्या लोहामुळे बलकातलं लोह थोडं वाढल्याचं प्रयोगांत दिसतं, पण थोडं म्हणजे किती याचा विचार करा. समजा २० टक्के वाढलं, तर एका अंड्यामागे ०.२ मिलिग्रॅमही वाढ होत नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईची रोजची लोहाची गरज आहे २९ मिलिग्रॅम. अॅनिमिया असलेल्या मुलीसाठी कुणी दुप्पट पैसे देऊन ही अंडी नेत असेल तर मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्याच पैशात त्या मुलीसाठी शेवग्याच्या पाल्याची भाजी, वर लिंबू, आणि साधी अंडी असं सगळं येतं. ओल्या १०० ग्रॅम पाल्यात साधारण चार मिलिग्रॅम लोह असतं, ते कोंबडीच्या आतड्यातून फिरवून आणण्यापेक्षा सरळ कढईत टाकलेलं बरं.

शिवाय अंड्यातलं लोह माणसाला फार लागूही पडत नाही. बलकात फॉस्व्हिटिन नावाचं प्रोटीन असतं, ते लोहाला इतकं घट्ट धरून ठेवतं की आपल्या आतड्याला ते सहज सोडवता येत नाही. आणि पांढऱ्यात एक वेगळंच प्रोटीन, ओव्होट्रान्सफेरिन, ते तर लोह दिसलं की पकडूनच ठेवतं, कारण कवचातून जंतू आत आलेच तर त्यांना वाढायला लोह मिळू नये. ही कोंबडीची पिल्लाला वाचवायची व्यवस्था आहे. बलकातलं लोह बघायचं असेल तर अंडं जरा जास्त वेळ उकळा, बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं ना, ते पांढऱ्यातून निघालेल्या गंधकाच्या वायूचं आणि बलकातल्या लोहाचं मिळून झालेलं असतं. त्यात वाईट काही नाही, अंडं शिळंही नाही. पण कडं गडद म्हणजे लोह जास्त असंही नाही, ते मुख्यतः किती वेळ उकळलं आणि किती सावकाश गार केलं यावर ठरतं.

सेलेनियम आणि आयोडीनचं मात्र सगळं उलटं आहे. सेलेनियम गंधकाचं जवळचं भावंड, झाडं ते अमिनो अॅसिडमध्येच गुंफतात, मेथिओनिनच्या जागी सेलेनोमेथिओनिन तयार होतं. कोंबडीच्या शरीराला या दोघांत फरक कळत नाही. तिला वाटतं हे मेथिओनिनच आहे, आणि ती ते पांढऱ्यात, बलकात, मांसात सगळीकडे प्रोटीन म्हणून विणून टाकते. आडकाठी लागत नाही म्हणून अंड्यातलं प्रमाण खाद्याबरोबर सरळ वर जातं. साध्या अंड्यात १० ते १५ मायक्रोग्रॅम असतं, सेलेनियमवाल्या यीस्टवर पोसलेल्या कोंबडीच्या अंड्यात ते दुप्पट-तिप्पट करता येतं, आणि प्रौढ माणसाची रोजची गरजच ४० ते ५५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे इथे अंड्याचा खरोखर उपयोग होतो. पण सेलेनियममध्ये पुरेसं आणि विषारी यातलं अंतर फार कमी असतं, त्यामुळे घरच्या घरी पावडर आणून टाकायचा हा विषयच नाही, फीड मिलमध्ये प्रीमिक्समधून (आधी तयार केलेल्या मिश्रणातून) मोजूनच गेलं पाहिजे.

आणि कुठल्या वनस्पतीत सेलेनियम किती, हे वनस्पतीच्या नावावरून अजिबात सांगता येत नाही. लसूण, कांदा, मोहरी ही सेलेनियम साठवणारी पिकं, पण जमिनीत असेल तरच साठवणार ना. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातल्या काही गावांत जमिनीत सेलेनियम इतकं जास्त आहे की तिथल्या चाऱ्याने जनावरांना त्रास होतो, आणि फिनलंडमध्ये इतकं कमी होतं की त्यांनी १९८४ मध्ये रासायनिक खतातच सेलेनियम घालायचा निर्णय घेतला आणि पुढे गहू, दूध, मांस, अंडी सगळ्यांतलं प्रमाण वाढलं. कोंबडीला एक दाणाही वेगळा न देता! वनस्पतीतून खनिज अंड्यात आणायचं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही, आणि त्यात सुरुवात मातीपासून झाली.

आपल्याकडचंच बघा. चुनखडीच्या काळ्या जमिनीत ऊस केवडा पडतो, पानं पिवळी-पांढरी होतात, का तर जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. त्याच जमिनीतल्या शेवग्याच्या पाल्यात आणि कोकणातल्या लाल जांभ्या मातीतल्या पाल्यात लोह सारखंच असेल असं कसं धरायचं. जस्ताची कमतरता तर राज्यात कितीतरी ठिकाणी आहे. त्यामुळे पावडरच्या पाकिटावर छापलेला खनिजांचा तक्ता हा कुठल्यातरी पुस्तकातला असतो, तुमच्या पोत्यातल्या मालाचा नसतो. आणि त्यात अजून एक घोळ म्हणजे ओल्या पानाचे आकडे आणि वाळलेल्या पावडरीचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे, दुधाच्या इतकेपट, पालकाच्या इतकेपट वगैरे, पाणी काढून टाकलं की कुठल्याही पानाचा आकडा निदान चार-पाचपट फुगतो.

आयोडीनसाठी जगभर वापरलं जातं ते समुद्री शेवाळ. जपानमध्ये १९७० च्या दशकापासून आयोडीनवाली अंडी दुकानात मिळतात, त्या कोंबड्यांच्या खाद्यात समुद्री शेवाळाची पावडर असते आणि आयोडीन बलकात अगदी मोकळेपणाने उतरतं. उलट मोहरीची पेंड जास्त घातली की अंड्यातलं आयोडीन कमी होतं, कारण मोहरीवर्गातल्या काही घटकांपासून शरीरात थायोसायनेट बनतं आणि ते आयोडीनला बलकात जाऊ देत नाही. म्हणजे वनस्पती घातली की खनिज वाढतंच असं नाही, काही वनस्पती खनिज अडवतातही, आणि खरं सांगायचं तर शेडवर रोजच्या रोज जास्त नुकसान या अडवण्यामुळे होतं.

त्यातला मोठा अडवणारा म्हणजे फायटेट. धान्य, पेंड, कोंडा या सगळ्यांत जो फॉस्फरस असतो त्यातला साधारण दोन तृतीयांश फायटेटच्या रूपात बंद असतो. तो सोडवायला फायटेज नावाचं एन्झाइम लागतं आणि कोंबडीकडे ते फार थोडं असतं. बरं नुसता फॉस्फरस अडकला असता तर एक वेळ चाललं असतं, पण फायटेट जाता जाता जस्त, लोह, कॅल्शियम यांनाही धरून घेऊन बाहेर पडतं. राइस पॉलिश (तांदळाचा बारीक कोंडा) आणि गव्हाचा कोंडा स्वस्त मिळतो म्हणून भरडा वाढवत नेला की कागदावर खनिजं भरपूर दिसतात आणि कोंबडीच्या हाती काही लागत नाही. म्हणूनच १९९० च्या दशकापासून फीडमध्ये फायटेज घालायला सुरुवात झाली, आज बहुतेक तयार लेयर फीडमध्ये ते असतं, आणि माझ्या मते कुठल्याही हर्बल पावडरीपेक्षा चिमूटभर फायटेज खनिजांसाठी जास्त काम करतं. परसात फायटेज कुठून आणणार, तर गहू, ज्वारी, बाजरी रात्री भिजवून मोड आणून द्या. मोड येताना दाण्याचं स्वतःचं एन्झाइम जागं होतं आणि फायटेट फोडायला लागतं. कोंबड्या मोड आलेल्या धान्यावर तुटून पडतात तो भाग वेगळाच.

दुसरा अडवणारा ऑक्झॅलेट. पालक, माठ, घोळ यांत ते भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला असं काही बांधतं की ते विरघळत नाही. थोडी घोळ, थोडा माठ कोंबडीने चरताना खाल्ला तर काही बिघडत नाही, उलट चांगलंच आहे, पण बाजारात उरलेला पालक पोत्याने आणून तेवढ्यावरच कोंबड्या ठेवल्या तर कवचावर दिसतं. तिसरं सुबाभूळ. पाला फुकट, प्रोटीन चांगलं, बलक मस्त पिवळा होतो, पण त्यातलं मिमोसिन नावाचं द्रव्य धातूंना धरून ठेवतं आणि कोंबडीची अंडी घटवतं. चार-पाच टक्क्यांच्या पुढे सुबाभूळ नको.

आणि मग आपल्या खानदेश-विदर्भातली सरकीची पेंड. गाई-म्हशींना रोज घालतात, ती कोंबड्यांच्या पुढ्यातही जाते, आणि अंडी ताजी फोडली तर काहीच दिसत नाही. तीच अंडी काही आठवडे थंडीत ठेवून फोडा, बलक तपकिरी-हिरवट, शेवाळी रंगाचा झालेला असतो आणि पांढरं कधीकधी गुलाबीसर. सरकीत गॉसिपॉल नावाचा पिवळा पदार्थ असतो, तो कोंबडीच्या शरीरातून बलकात जाऊन बसतो, साठवणीत बलकाचा आम्लपणा बदलला की बलकातल्या लोहाशी त्याची गाठ पडते आणि हा रंग येतो. पांढऱ्याचा गुलाबी रंग सरकीतल्या तेलातल्या वेगळ्या घटकांमुळे येतो, ते बलकाचं आवरण कमजोर करतात, मग लोह पलीकडे झिरपतं आणि पांढऱ्यातल्या त्या ओव्होट्रान्सफेरिनला चिकटून गुलाबी होतं. याच कारणामुळे सरकी वापरायचीच असेल तर खाद्यात फेरस सल्फेट (लोहाचा क्षार) घालतात, ते गॉसिपॉलला पोटातच पकडतं. आता हेच बघा ना, एकच लोह, कोंबडीने खाल्लेलं, आणि ते अंड्यात पोषण म्हणून जाणार, की गॉसिपॉलबरोबर बाहेर जाणार, की रंग खराब करणार, हे शेजारी कुठली पेंड आहे त्यावर ठरतं. म्हणून अमुक वनस्पतीत तमुक खनिज आहे एवढ्यावरून अंड्याबद्दल काहीच सांगता येत नाही.

एवढं सगळं वाचून पाला घालूच नये असं वाटलं असेल तर तसं नाही. शेवगा, लसूणघास, हादगा, अझोला यांचं खरं देणं वेगळं आहे. बलकाचा रंग त्यातल्या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांमुळे लवकर सुधारतो, ल्युटीन वगैरे बलकात जातं ते डोळ्यांसाठी चांगलं. प्रोटीन मिळतं, फीडचा खर्च थोडा कमी होतो. रंगाचा आणि खनिजांचा मात्र काही संबंध नाही, झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घालूनही बलक केशरी करता येतो आणि केला जातोच. प्रमाण सांभाळा, शेवगा पावडर पाच टक्क्यांच्या आसपास ठीक, दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की अंडी घटतात आणि अंडं लहान येतं असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. इथे अजून एक गंमतशीर नाही तर गंभीर गोष्ट होते, अंडी कमी आणि छोटी आली की १०० ग्रॅम बलकामागचं खनिज कधीकधी वाढलेलं दिसतं, आणि तोच आकडा पुढे जाहिरातीत येतो. पण महिन्याभरात त्या कोंबडीने एकूण किती जस्त-लोह अंड्यातून दिलं हे मोजलं तर ते कमीच भरतं. त्यामुळे कुणी टक्केवारी दाखवली की विचारा, एका अंड्यामागे की १०० ग्रॅममागे, ओल्या बलकाचं की वाळवलेल्या, आणि अंडी किती मिळत होती.

अझोल्याबद्दल एक काळजीचं. हे शेवाळासारखं दिसणारं नेचं पाण्यातले जड धातूही तेवढ्याच चटकन शोषतं, सांडपाणी स्वच्छ करायला त्याचा विचार होतो तो यासाठीच. गटाराच्या, कारखान्याच्या किंवा शहराच्या कडेच्या नाल्याच्या पाण्यावर वाढवलेला अझोला कोंबड्यांना घालू नका. शिसं बलकात उतरतं. हेच परसातल्या मातीचं, जुन्या बॅटऱ्या फोडलेली जागा, जुना रंग खरवडलेली भिंत, भंगाराचं दुकान, अशा ठिकाणी गावरान कोंबडी दिवसभर उकरत असेल तर त्या गावरान अंड्याचा काय उपयोग.

हळद, लसूण, मेथी, ओवा, तुळस यांच्या पावडरी आणि अर्क हा वेगळा गट. यांच्यात खनिजं किती हे बघण्यात अर्थच नाही, चिमूटभर तर घालतात. त्यांचं काम आतड्यात असतं, नको ते जंतू कमी होतात, आतड्याच्या आतली बारीक लव चांगली राहते, आणि मग आहे त्या खाद्यातलंच खनिज थोडं जास्त शोषलं जातं. युरोपने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी अँटिबायोटिक घालायला बंदी केली आणि आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली, तेव्हापासून या सगळ्याला जोर आला, आणि अँटिबायोटिक कमी होत असेल तर मला हे मनापासून पटतं. फरक दिसतो तो आजारी, वयस्क किंवा उन्हाने बेजार झालेल्या कोंबड्यांत. साठ-सत्तर आठवड्यांच्या पुढच्या कोंबडीचं अंडं मोठं होत जातं आणि कॅल्शियम शोषण्याची ताकद कमी होते, तिथे कवचाला थोडी मदत होते. निरोगी, तरण्या, चांगलं फीड खाणाऱ्या कोंबडीत फार काही हाती लागत नाही.

उन्हाळ्याचं तर वेगळंच. विदर्भात पारा ४५ च्या आसपास गेला की कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते, त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्तातलं बायकार्बोनेट कमी होतं, आणि कवच बनायला कॅल्शियमइतकंच कार्बोनेटही लागतं. वर खाणंही कमी होतं. अशा वेळी कवच पातळ आलं म्हणून पाला आणि कॅल्शियम टॉनिक वाढवत बसण्यापेक्षा छपरावर पाचट, फॉगर (पाण्याचे बारीक फवारे), गार पाणी आणि खाद्य पहाटे व संध्याकाळी उशिरा, हे आधी करा.

ज्यांना खरंच आपल्या अंड्यांची खनिजं वाढली का ते बघायचंय त्यांनी एकाच वयाच्या, एकाच जातीच्या कोंबड्यांचे दोन गट करावेत, एकाला नेहमीचं खाद्य, दुसऱ्याला तेच खाद्य अधिक पाला, पाणी तेच. तीन आठवडे थांबून दोन्ही गटांची दहा-बारा अंडी फोडून, कवच बाजूला काढून, प्रत्येक गटाचं एकत्र मिश्रण प्रयोगशाळेत द्यावं आणि लोह, जस्त, सेलेनियम असं नाव घेऊन तपासणी मागावी, नुसतं खनिज तपासा म्हटलं तर राखेचा एक आकडा हातात मिळतो आणि त्यावरून काहीच कळत नाही. सोबत त्या तीन आठवड्यांत दोन्ही गटांनी किती अंडी दिली आणि सरासरी वजन किती भरलं ते वहीत लिहून ठेवा, आणि जे गिऱ्हाईक जास्त पैसे देऊन अंडी नेतंय त्याला तो रिपोर्ट वहीसकट दाखवा.